किती बिया, कुठल्या वर्षीच्या?

२ फेब्रुवारी

सूनबाई,

हा शब्द खोडून दुसरा लिहावा म्हणून मी दोन कागद वाया घालवले. कोर्टाच्या कागदाप्रमाणे तू माझी सून राहिलेली नाहीस. नुसतं 'बाई' लिहिलं तर मी घरमालकिणीला पत्र लिहितेय असं वाटतं, आणि तुझं नाव मी सात वर्षांत कधी घेतलं नाही ते आता कुठे घेऊ! तेव्हा सध्या हेच चालवून घे. आवडलं नाही तर कळव.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तब्येत कशी आहे, हवा कशी आहे, हे विचारत बसत नाही. तू धडधाकट असणार. माझंही बरं चाललंय. दुकान चालू, मशीन चालू, गुडघे कुरकुरत का होईना पण चालू. तुझा पत्ता तुझ्या जुन्या मालकांकडून, त्या चष्मेवाल्यांकडून मिळवला. द्यायला तयार नव्हते. मी त्यांच्या दुरुस्तीला आलेल्या दोन पँटी अडवून ठेवल्या, मग दिला.

कारण आहे म्हणून लिहितेय. तुझ्या बाबांच्या पांढऱ्या काकडीचं बी माझ्याकडे आहे.

तू गेलीस त्या दिवशी दोन बॅगा घेऊन खाली दुकानाच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, "आई, काकडीचं बी ठेवलंय का कुठे?" मी म्हणाले, "कुठलं बी? सगळ्या काकड्या खाऊन संपल्या." मी हे बोलत होते तेव्हा बी माझ्या मागे, कापडाच्या कपाटावर, वर्तमानपत्रावर वाळत होतं. तू मान वर केली असतीस तर तुला दिसलं असतं. तू "बरं" म्हणालीस आणि गेलीस.

म्हणजे मी खोटं बोलले. हे एकदा लिहून टाकलं, बरं झालं.

तू या घरात आलीस तेव्हा एका चष्म्याच्या डबीत ते बी घेऊन आली होतीस, हे मला चांगलं आठवतंय. बाकीच्या सुना दागिने जपतात, ही काकडीचं बी जपते, म्हणून मी हसले होते. तुझे बाबा वायरमन, आयुष्यभर खांबावर चढले आणि खाली उतरले की कुंपणाच्या तारेवर ही एकच काकडी चढवायचे, हे तू इतक्यांदा सांगितलंस की मला पाठ झालं होतं. ते लग्नाआधीच गेले, त्यांची नि माझी गाठ पडलीच नाही. काकडी मात्र मी चार वर्षं खाल्ली. तशी काकडी मी नंतर कुठे खाल्ली नाही. हेही खरं आहे.

तू गेल्यापासून दरवर्षी लावतेय. वेल भिंतभर जातो. येणारा-जाणारा विचारतो, कुठली हो जात? अलीकडे चवीत थोडा फरक पडलाय, तो पाण्याचा असावा.

हवं असेल तर पाठवते. नको असेल तर तेही कळव, म्हणजे मी मोकळी.

— दुकानवाली

(दुसरं काय लिहू?)


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर नाही. पत्र मिळालंय हे मला माहीत आहे, कारण चष्मेवाले मला म्हणाले, "त्यांचा फोन आला होता, माझ्यावर भडकल्या होत्या." म्हणजे त्यांच्यावर भडकायला वेळ आहे!

मी काही तुझ्या उत्तराची वाट बघत दारात बसलेली नाही. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, एकशे चाळीस बाह्या आखूड करायच्या आहेत. एवढंच सांगते की बी लावायचे दिवस तोंडावर आलेत. मागून बोलू नकोस की सांगितलं नाही.

आणि पाण्याचा काही दोष नाही. मागल्या वर्षीची काकडी कडू निघाली. चार-दोन नव्हे, सगळ्या.

— दुकानवाली


८ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. "किती बिया आहेत? कुठल्या वर्षीच्या?" वर नाव नाही, खाली सही नाही. तारवाल्यांची मुलगी शोभतेस खरी. मी ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दिवसभरात चारदा काढून वाचलं. चारदा वाचून त्यात आणखी काही सापडलं नाही.

आता नीट उत्तर देते. डब्या तीन आहेत, तुझ्याच चष्म्याच्या दुकानातल्या. पहिलीत तू गेलीस त्या वर्षीचं बी, दुसरीत त्याच्या पुढल्या वर्षीचं, तिसरीत मागल्या वर्षीचं. तिसरी फेकून दे म्हणालीस तर फेकते. दुसरीचा भरवसा नाही. पहिली शुद्ध आहे. तिच्यात तेवीस बिया आहेत. जास्त होत्या, पण दुसऱ्या वर्षी मी त्यातूनच लावल्या.

हे कसं झालं, ते तुला कळल्याशिवाय तू गप्प बसणार नाहीस. शेजारचे पंपवाले आठवतात ना, पाण्याचे पंप दुरुस्त करतात ते? तू गेलीस त्याच्या पुढल्या वर्षी त्यांनी कुठून तरी हिरव्या लांब काकडीचा वेल आणला आणि मधल्या भिंतीवर चढवला. एका बाजूने त्यांचा, दुसऱ्या बाजूने माझा. भिंतीच्या माथ्यावर दोघांची गळाभेट. मला कौतुकच वाटलं. मी माझ्या हाताने त्यांच्या वेलाचे शेंडे आमच्या तारेत अडकवून दिले. मधमाशा दिवसभर या फुलावरून त्या फुलावर.

वर मी काय केलं, तर बियाला ठेवायची म्हणून सगळ्यात मोठी, लांब काकडी निवडली. मोठं ते चांगलं, असा माझा हिशोब. तुझ्या बाबांची काकडी आखूड असते हे मला माहीत होतं की! वीतभर नाही, पंज्याएवढी. ती जी लांब दिसली ती पंपवाल्यांच्या वळणावर गेलेली होती, आणि मी नेमकी तीच वर्षाला वर्ष पुढे नेली. कापड कापताना मी एक सूत इकडचं तिकडे होऊ देत नाही, आणि इथे आख्खी काकडी हिरवी होईपर्यंत मला पत्ता नाही.

आणखी एक. सगळ्यांना मी ती 'माझी काकडी' म्हणून सांगत होते. तुझ्या बाबांचा विषय काढला नाही. काढला असता तर तुझाही निघाला असता.

काय करू ते सांग.

— दुकानवाली


१९ मार्च

सूनबाई,

दुसरं कार्ड मिळालं. "पहिल्या डबीतल्या सगळ्या पाठवा. तुम्ही लावू नका."

पाठवल्या. कालच टाकल्या. बटर पेपरची छोटी पिशवी केली, चारी बाजूंनी बारीक धावदोरा घातला, मग पाकिटात ठेवून पाकिटालाही टाके मारले. पोस्टातला माणूस म्हणाला, "काकू, पत्र आहे का उशी?" उघडताना उसवून उघड, फाडू नकोस.

आता रागावू नकोस. अकरा पाठवल्या आहेत. बारा ठेवल्या.

तू सांगितलेलं मी ऐकलं नाही, मान्य. पण सगळ्या एकाच पाकिटात घालून देवाच्या भरवशावर सोडून द्यायला मी काही खुळी नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं कापड सांभाळलंय. माप चुकलं तर जोड द्यायला तुकडा हाताशी ठेवावा लागतो. बारा बिया मी आजच लावल्या. दर आळ्यात तीन, चार आळी. यंदा भिंतीपाशी नाही, मागल्या दारी, न्हाणीच्या खिडकीखाली.

तुझ्याही उगवतील, माझ्याही उगवतील. बघू कुणाच्या आधी.

— दुकानवाली


३ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा जाड लागलं म्हणून मी खूश झाले होते. आतून माझीच शिवलेली पिशवी बाहेर पडली आणि पिशवीतून भुसा.

शिक्के मारणाऱ्या मशीनच्या रुळांखाली पाकीट गेलं, हे तू लिहिलंस ते खरं असणार. मी टाक्यांचं कौतुक करत बसले, पण खोक्यात घालून पाठवायचं सुचलं नाही. अकराच्या अकरा बिया गेल्या. तू एकेक टरफल वेगळं करून पाहिलंस आणि त्यातली एकही धड नव्हती, हे वाक्य मी पुन्हा वाचू शकले नाही. मला क्षमा कर, हे या बियांबद्दल. बाकीचं पुढे येतंय.

तू पहिल्यांदाच पूर्ण पान लिहिलंस. निम्मं पान शिव्या आहेत, सभ्य भाषेतल्या. ते ठीक आहे, मला कमी पडल्या असं नाही म्हणणार. उरलेल्या निम्म्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, "तुम्ही ठेवलेल्या बारांचं काय झालं?" तर ऐक, बारापैकी पाच उगवल्या. दोन गोगलगाईंनी एका रात्रीत खाल्ल्या. तीन वेल आहेत, प्रत्येकाला चार पानं आली आहेत. भोवती राखेचं कडं केलंय आणि रोज सकाळी चहाच्या आधी बघून येते. सगळ्या जगात तुझ्या बाबांच्या काकडीचे आता हे तीन वेल. मी ते मरू देणार नाही. हे मी उगाच म्हणत नाहीये.

दुसरी गोष्ट तू विचारलीस, "तेव्हा का दिल्या नाहीत? माझ्याशी असं वागायला मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

काही नाही. तू काही केलं नव्हतंस. केलं ते मी. आता सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

तू गेलीस त्याच्या दोन महिने आधी दुकानात एक बाई आली. नवीन गिऱ्हाईक, चांगली नीटनेटकी. काउंटरवर पुरुषाचा निळा शर्ट ठेवला. दोन बटणं तुटली होती. मी सवयीने शर्ट उलटा केला आणि कॉलर पाहिली. झिजलेली कॉलर उसवून, उलटून, पुन्हा शिवलेली. आतल्या बाजूला टोकापाशी मी एक तिरपा टाका घालते, दुसरं कुणी घालत नाही. तो टाका होता. आमच्या चिरंजीवांचा शर्ट होता तो. वाढदिवसाला तू आणलेला, आणि मी कॉलर उलटून दिलेला.

मी विचारलं, "कुणाचा शर्ट?"

ती म्हणाली, "आमच्या ह्यांचा."

मी बटणं लावली. संध्याकाळी या म्हणाले. ती आली, मी शर्टाची घडी करून दिली. तिला माहीत नव्हतं मी कोण ते. मला मात्र सगळं कळलं होतं, आणि मी मूग गिळून बसले. वाटलं, निस्तरेल त्याचं तो. वाटलं, आपण बोललो तर घर मोडेल. जसं काही ते शाबूत होतं.

मग ती बैठक झाली. तुझा भाऊ, आमचे धाकटे भाऊजी, चिरंजीव, सगळे समोरच्या खोलीत. तू म्हणत होतीस की याचं बाहेर काहीतरी आहे, आणि तो म्हणत होता की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही संशयी आहे. तू माझ्याकडे वळलीस. "आई, तुम्ही सांगा. मला वेड लागलंय का?"

मी म्हणाले, "मला बाई काही माहीत नाही." आणि खाली गिऱ्हाईक आलंय म्हणून उठले. त्या दिवशी दुकान बंद होतं. मी शटर अर्धं लावून स्टुलावर बसून राहिले, वरचे आवाज थांबेपर्यंत.

तुला वेड लागलेलं नव्हतं. तू म्हणत होतीस ते अक्षर न् अक्षर खरं होतं आणि मला ते माहीत होतं.

आता बियांचं. त्या बैठकीनंतर आठवड्यात तू तुझं सामान काढलंस. कपाटातला तुझा कप्पा रिकामा, न्हाणीतली तुझी बादली गेली, खिडकीतल्या कुंड्या गेल्या. तू दारात उभी राहून ते शेवटचं मागितलंस तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी राहू दे इथे. एवढंच. चोरी म्हणायची तर चोरी म्हण. मीही तेच म्हणते.

— (आज सही नको)


१२ मे

सूनबाई,

महिना गेला, तुझा शब्द नाही, आणि मग हे चार पानी पत्र! पहिल्या तीन पानांत काकडीशिवाय काही नाही. शर्टाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "वाचलं." बरं. मी त्यापुढे काही विचारत नाही.

तू सांगितलंस ते सगळं समजलं आणि आठवड्यापासून चालू केलंय. मागे बारकी काकडी असते ती मादी, नुसती दांडी असते तो नर. इतकी वर्षं वेल लावले, मला वाटायचं काही फुलं आळशी असतात. उद्या उमलणारी मादीकळी आज संध्याकाळीच ओळखायची, तिचं तोंड बांधायचं. नराचंही तसंच. सकाळी सोडायची, नराच्या पाकळ्या काढून आतला पराग तिच्यावर फिरवायचा, पुन्हा बांधायचं, म्हणजे पंपवाल्यांच्या मधमाशांना आत प्रवेश नाही. तू लिहिलंयस, "दोरा घट्ट ओढू नका, कळी तुटते." अगं, मी लहान बाळांच्या झबल्यांना काजं केली आहेत. कळीला गाठ मारायला मला शिकवतेस? पहिली कळी तुटली. त्यानंतर एकही नाही.

ज्या काकड्या अशा धरतील त्यांच्या देठाला लाल रेशमाचा दोरा बांधतेय. बाकीच्या खायच्या. तीनही वेलांवर एकेक तरी धरायला हवी हे तुझं म्हणणं मला पटलं. एकाच वेलावर सगळा भार नको.

पंपवाल्यांकडे गेले होते. म्हटलं, "तुमच्या वेलाची फुलं महिनाभर खुडून टाका."

ते म्हणाले, "काकू, फुलं खुडली तर मी काकड्या कशाच्या खाऊ?"

"मी देते."

"तुमच्या कडू असतात."

भर गल्लीत म्हणाले! मी म्हणाले, "त्या माझ्या नव्हेत, त्या तुमच्याच. खरी काकडी माझ्या सुनेच्या वडिलांची, ती येतेय यंदा." त्यांनी फुलं काही खुडली नाहीत, पण आता रोज भिंतीवरून विचारतात, "वायरमन साहेबांचं काय चाललंय?" गल्लीत तुझ्या बाबांना ओळखणारं कुणी नव्हतं, आता सगळे ओळखतात.

चिरंजीवांचा रविवारी फोन आला होता. त्यांना भाऊजींकडून कळलं की मी तुला लिहिते.

"आई, तिला कशाला पत्रं पाठवतेस?"

"काकडीच्या बियांसाठी."

"बिया बाजारात पाकिटात मिळतात."

"निळा शर्ट आहे का रे तुझा अजून? त्याची बटणं कशी आहेत? मी लावली होती, म्हणून विचारते."

मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी आता काय?" मी म्हणाले, "इतकी वर्षं लागायला नको होती, तेवढीच चूक." भाऊजींनाही घरी बोलावून सांगितलं. ते त्या दिवशी तुझ्या भावाला बरंच बोलले होते, त्यांनी मान खाली घातली. तुझ्या भावाचा पत्ता माझ्याकडे नाही. त्याला तूच हे पत्र दाखव. दाखवायला माझी काही हरकत नाही.

पहिली खायची काकडी काल काढली. पंज्याएवढी, पांढरी. कडू नाही. पण कडू नाही एवढंच मी सांगू शकते. ती तुझ्या बाबांचीच का, ते माझ्या जिभेला कळायचं नाही. तेवढं एकच तुझ्याकडे आहे.

— दुकानवाली


२७ जून

सूनबाई,

लाल दोऱ्याच्या पाच काकड्या आहेत. पहिल्या वेलावर दोन, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. पिवळ्या पडल्यात, फुगल्यात, हाताला टणक लागतात. एकीला खाली विटेचा तुकडा दिलाय, नाहीतर जमिनीला टेकून सडली असती. वेल वाळायला लागलेत. शेंड्याला चार-पाच कोवळ्या काकड्या आहेत, त्या तुझ्यासाठी ठेवल्यात. पंपवाल्यांनी मागितल्या, दिल्या नाहीत.

आता मी पोस्टाने काही पाठवणार नाही. खोक्यातूनही नाही. हवं तर मी घेऊन येते. गाडी बदलावी लागते हे मला माहीत आहे, मी विचारून ठेवलंय. पण मी आले तर तुला दार उघडावं लागेल, आत घ्यावं लागेल, चहा विचारावा लागेल. त्यापेक्षा तू ये. मागल्या गल्लीतून आलीस तर दुकानातून यावं लागत नाही, जिनाही चढावा लागत नाही. वेल तिथेच आहेत. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव, मी पुढे दुकानात मशीनवर बसेन.

एक गोष्ट आधीच सांगते. सगळ्या घेऊन जायच्या. मागे अकरा-बारा केलं तसं यंदा करणार नाही.

— दुकानवाली


१४ जुलै

सूनबाई,

तू शनिवारी येऊन गेलीस, आज मंगळवार. बरणीतला बियांचा गर आंबून वर साय धरली असेल. आज धुऊन टाकलं असशीलच, उद्यावर गेलं तर बी त्यातच कोंब धरतं. हे तुला माहीत आहे. तूच मला लिहून कळवलं होतंस.

तू तीन तास होतीस. त्या तीन तासांत तू मला काहीच म्हणाली नाहीस, आई नाही, काकू नाही, साधं 'अहो' नाही. "सुरी आहे का?" "पाणी कुठे टाकू?" सगळं हवेत. मी मोजत नव्हते, पण लक्षात आलं. ते बरोबरच होतं. तुझे केस बारीक कापलेले छान दिसतात. हे मी तेव्हा म्हणाले नाही.

तू आल्या आल्या पाचही काकड्यांच्या देठांवरचे दोरे एकेक करून बघितलेस. मग शेंड्याची कोवळी काकडी तोडलीस, बाहीला पुसलीस आणि उभ्यानेच खाल्लीस, सालासकट, देठापर्यंत. मी दारात उभी होते. तू दुसरी तोडलीस, तीही खाल्लीस.

मी विचारलं, "कशी आहे?"

तू म्हणालीस, "हीच."

आणि पाठ केलीस. बराच वेळ न्हाणीच्या खिडकीकडे तोंड करून उभी होतीस. मी जवळ यायला हवं होतं की नको, मला कळलं नाही, म्हणून मी आत जाऊन बरणी विसळत बसले. ती बरणी स्वच्छच होती.

मग आपण पाटावर बसून पाचही काकड्या चिरल्या. तू गर काढत होतीस, मी चमचा पुसत होते. शेवटी तू विचारलंस, "तुम्हाला थोड्या ठेवू?" मी नको म्हणाले. सुरीच्या पात्याला दोन बिया चिकटल्या होत्या, त्याही मी बोटाने ओढून बरणीत टाकल्या. तू गेल्यावर पाट धुताना एकही सापडली नाही. मी बघितलं होतं, म्हणून सांगते.

बसमध्ये तू ती बरणी मांडीवर घेऊन बसलीस, सांडली तर नाही ना? झाकण सैल ठेव, नाहीतर फुगून उडतं, हे मी तुला चार वेळा सांगितलं. चार वेळा तेच सांगत होते आणि जे बोलायचं होतं ते तोंडाशी येऊन परत जात होतं. समोर असलीस की माझी ही तऱ्हा. कागदावर मी फार शहाणी.

तर कागदावर सांगते. त्या दिवशी तू मला विचारलंस आणि मी उठून गेले, त्याबद्दल मला माफ कर. करायलाच हवं असं नाही. पण मी मागितली, आणि कुणी सांगितलं म्हणून नाही मागितली.

वेल उपटून टाकले. न्हाणीखालची जागा मोकळी आहे. तिन्ही डब्या रिकाम्या करून घासून ठेवल्यात. घरात तुझं आता काहीही नाही, एक बी नाही, एक दोरा नाही. मी सगळे कप्पे बघितले. म्हणजे तुला पत्र लिहायला माझ्याकडे आता काही कारण उरलेलं नाही.

तरी लिहितेय.

उत्तर पाठव. आत काही घालू नकोस, नुसतं पत्र पुरे.